अस्तराला दाखवलेलं पाणी

आमच्या घरात सुई-दोऱ्याचा डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतो. लहान मुलांच्या हाताला लागू नये म्हणून नव्हे, माझ्या हाताला लागू नये म्हणून. लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत मी नवऱ्याच्या शर्टाच्या खिशाला बटण लावून दिलं होतं आणि त्याच टाक्यांत खिसाही कायमचा बंद करून टाकला होता. पलटणीत परतल्यावर त्यांनी पेन ठेवायला खिसा उघडायचा प्रयत्न केला, तो चार जवानांदेखत. आता ते फौजेतून निवृत्त होऊन घरी आहेत, घरात सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात, आणि ही गोष्ट ते अजून सांगतात. दर वेळी जवान वाढतात. सध्या अर्धी पलटण झाली आहे.

तर अशा बाईनं शिवणकामावर लिहावं हे काही खरं नाही. तरी लिहिते आहे, ते एका पोलक्याच्या अस्तराबद्दल. पोलकं माझं नव्हतं, शिवलं मी नव्हतं, आणि त्यात माझा जो काही हात लागला तो लागला नसता तर सगळ्यांचे दोन दिवस वाचले असते.

माझ्या धाकट्या दिरांना लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली. कोरेगावजवळच्या आमच्या गावात त्या दिवशी एवढे पेढे वाटले गेले की दुसऱ्या दिवशी मिठाईवाल्यानंच फोन करून विचारलं, अजून पाहिजेत का म्हणून. बारसं सव्वा महिन्यानं, आमच्याच घरी करायचं ठरलं. आणि बारसं म्हटलं की आत्या. या घरात आत्या एकच: माझ्या नणंदबाई, आमच्या वन्सं.

वन्सं माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण मानानं मोठ्या. दिलेल्या औंधला. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. त्या माहेरी आल्या की वेशीवरच्या माणसाला कळायचं. धाकट्या भावाच्या लग्नातच त्यांनी जाहीर केलं होतं, "नाव म्या ठरवून ठेवलंया. कुनाला सांगनार न्हाई. थेट पाळण्यात." मग एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. लोक दिरांच्या समोर मुलाबाळांचा विषय काढायचे बंद झाले. वन्सं मात्र दर दिवाळीला येऊन धाकट्या जावेच्या पाठीत हलकी चापट मारून म्हणायच्या, "नाव तयार हाय गं माजं. बाळ कवा तयार हुतंय ते बगा." त्यावर ती हसायची. ती हसावी म्हणूनच त्या म्हणायच्या.

अकरा वर्षं सांभाळलेलं ते नाव घेऊन वन्सं वाजतगाजत येणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. फोन आला तो भलताच.

"वैनी, बारशाला चुलत नणंदंला उभी करा. मी काय येत न्हाई."

"का हो वन्सं? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत झ्याक हाय."

"मग?"

"मग काय न्हाई. नाव सांगते तुमास्नी फोनवर, ते तिला सांगा." आणि नाव न सांगताच फोन ठेवला.

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं औंधला गेले. वन्सं स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसल्या होत्या. पदर दोन्ही खांद्यांवरून असा आवळून घेतला होता की भर उन्हाळ्यात बाईला थंडी वाजते आहे असं वाटावं. कारण मला अंधुक माहीत होतं. गेल्या वर्षी मिरजेला त्यांचं ऑपरेशन झालं होतं. आमच्यात त्याला नुसतं 'ते ऑपरेशन' म्हणतात. मी सरळ लिहिते: गाठ होती, डावा स्तन काढावा लागला. मग औषधं झाली, केस गेले, केस परत आले, रिपोर्ट चांगले आले. सगळं पार पडलं असं आम्ही मानलं. आम्ही म्हणजे ज्यांचं काही काढलं नव्हतं ते.

शेंगा फोडता फोडता त्यांनी सांगितलं. दवाखान्याजवळच्या दुकानातून एक फोमची गादी आणली होती, आत घालायला. ती कापसासारखी हलकी. उभं असताना ठीक, पण वाकलं की वर चढते. औंधातच एका हळदीकुंकवाला त्या कुणाची तरी ओटी भरायला वाकल्या आणि गादी सरकत गळ्यापाशी आली.

"समोरच्या बाईनं बगितलं. आन् लगीच भिंतीकडं बगाया लागली."

"असेल हो, तिच्या मनात काही नसेल..."

"भिंतीकडं बगितलं न्हवं वैनी, ते लागलं मला. हसली आस्ती तर मीबी हसले आस्ते." एक शेंग फुटेना, ती त्यांनी दातांनी फोडली. "बारशात आत्यानं काय करायचं आस्तं? वाकायचंच आस्तं. पाळण्यात तोंड घालून. आन् वरनं समद्या बाया पाठीत गुद्दं घालनार. गादी पाळन्यातच पडायची."

हे त्यांनी विनोदानंच म्हटलं. पण हसल्या नाहीत. मी हसायच्या तयारीत होते, तशीच राहिले.

परत येताना मी औंधहून थेट घरी गेले नाही. कोरेगावात उतरले आणि भाभींकडे गेले.

भाभी म्हणजे आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या पोलक्यांच्या कर्त्या. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. त्यांचे यजमान शिंपी होते, ते गेल्यावर मशीन भाभींनी चालवायला घेतलं. आता साठीच्या असतील. चष्म्याला दोरी, बोटावर सुईचं पितळी टोपण, आणि तोंडात तीन-चार टाचण्या, त्यामुळे अर्धं बोलणं दातांतून. त्यांची एक पद्धत आहे. वरचं कापड मशीनवर, अस्तर मात्र हातानं. माझ्यासारख्या गिऱ्हाइकांनी कधी घाई केली की म्हणायच्या, "मशीनच्या टाक्याला कड येती, वैनी. अंगाला लागतंय ते अस्तर. वरचं कापड लोकास्नी बगाया."

दुकानात आणखी एक बाई बाहीवरून वाद घालत होती. मी कोपऱ्यात उभी राहून वाक्यं जुळवत होते. भाभींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, त्या बाईची बाही मान्य केली, तिला वाटेला लावलं आणि दार लोटून घेतलं.

"बोला."

"भाभी, म्हणजे असं आहे की आमच्या नणंदबाईंचं एक... गेल्या वर्षी मिरजेला... म्हणजे आता बारसं आहे, आणि वाकायचं म्हटलं की..."

भाभींनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या.

"कुटली बाजू?"

"डावी."

"घिऊन या त्यास्नी. खण आना. अस्तर माज्याकडं हाय."

एवढंच. मी औंधपासून कोरेगावपर्यंत जी वाक्यं जुळवली होती ती तशीच घरी घेऊन आले.

वन्संना आणणं सोपं नव्हतं, पण भाभींनी तो एकच प्रश्न विचारला हे मी सांगितलं तेव्हा त्या तयार झाल्या. बहुधा भिंतीकडे न बघणारी बाई कशी असते ते पाहायचं असेल. इरकल साडीवर घालायला हिरवा खण घेतला आणि आम्ही दोघी भाभींच्या पुढच्या खोलीत जाऊन बसलो.

माप घेणं मी आयुष्यभर पाहत आले आहे. टेप टाकायची, आकडे वहीत लिहायचे, कापड दुहेरी घालायचं, एका बाजूचं माप काढून दोन्ही थर एकदम कापायचे. त्या दिवशी भाभींनी कापडाची घडी मोडली. अस्तर एकेरी पसरलं आणि दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घेतली. वहीत मधोमध रेघ मारून इकडे एक, तिकडे एक.

"असं कसं भाभी?" मी विचारलं. मला गप्प बसता येत नाही.

"दोन बाजू म्हंजे दोन येगळ्या बाया समजायच्या. दोघीस्नी आपापलं माप. फकस्त भांडण लागू द्यायचं न्हाई."

"जावाजावा म्हना की," वन्सं म्हणाल्या. मी तिथंच बसले होते, पण माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत, असं मी समजून घेतलं.

उभ्यानं मापं झाली. मग भाभींनी चिंध्यांनी भरलेली एक टोपली उचलून स्टुलावर ठेवली.

"ताई, ह्यो पाळणा. वाका."

वन्सं वाकल्या.

"उगं न्हाई वाकायचं. नाव सांगा कानात."

"चिंध्यांच्या?"

"मग! कुर्र केल्याबिगर कसं कळंल मला? कुर्र करताना बाई खांदं आवळती. तवा कापड कुटं वढतंय ते बगायचंय."

आणि वन्संनी, ज्यांनी अकरा वर्षं ते नाव कुणाला सांगितलं नव्हतं, टोपलीत तोंड घालून हळूच कुर्रर्र केलं. भाभींनी त्या वाकलेल्या अवस्थेत पाठीवरून, काखेखालून टेप फिरवली. चांगली दहा मिनिटं. मी कान टवकारून बसले होते, पण नाव काही ऐकू आलं नाही. चिंध्यांनाच ठाऊक.

मग गादीचा विषय. वन्संनी पिशवीतून ती फोमची गादी काढली. भाभींनी तळहातावर वरखाली करून पाहिली, जसा बाजारात कांदा पाहतात.

"वजनच न्हाई हिला. म्हनून वर जाती." त्या उठल्या, आतून एक डबा घेऊन आल्या. आत मोहरी. बाळाच्या डोक्याखाली घालायच्या मोहरीच्या उशा भाभी शिवतात, हे मला माहीत होतं. आमच्या बाळाचीही त्यांच्याकडेच सांगितली होती. "थोडा कापूस, आत मोहरी. वजन खाली बसतंय. आन् दाबलं की आकार घेती. बाळाचं डोकं गोल करती ती, तर हे काय!"

"मोहरी? फोडणीची?" मी म्हटलं.

"न्हाई. न फोडलेली."

बेत असा होता: अस्तराच्या आत एक खिसा, त्यात मोहरीची पुरचुंडी. धुताना काढायची, घालताना ठेवायची. खिसा अस्तराला, अस्तर खणाला, सगळं एकमेकांना असं धरून की वाकलं तरी आतलं आत.

हे सगळं पाहून मला फार भरून आलं, आणि मला भरून आलं की मी मदत करते. ही माझी खोड आहे. "भाभी, मलाही काहीतरी काम द्या," मी म्हटलं. भाभींनी माझ्या हातांकडे पाहिलं. माझी ख्याती बहुधा कोरेगावपर्यंत पोचली असावी. त्यांनी बराच विचार करून अस्तराचं नवं कापड माझ्या हातात दिलं.

"एवढ्याला घरी पानी दाखवून आना. खणाला म्या दाखवते."

मी नवीन सुनेसारखी मान डोलावली.

आता माझं माहेर सांगलीचं, भर पेठेतलं. आमच्याकडे गुरं नव्हती. इस्त्री करायच्या आधी आई म्हणायची, "कापडाला जरा पाण्याचा हात दाखव," आणि आम्ही ओंजळीतून चार थेंब शिंपडायचो. तेच मी केलं. मन लावून केलं. शिंपडलं, गुंडाळून ठेवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी अशी कडक इस्त्री फिरवली की सुभेदारांनीसुद्धा जाता जाता शाबासकी दिली. आणि ते तसंच गरम गरम नेऊन भाभींच्या हातात दिलं.

"पानी दाखवलं न्हवं?"

"दाखवलं की!"

यात एक अक्षर खोटं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगते.

पाच दिवसांनी पोलकं तयार झालं. आरशासमोर वन्सं उभ्या राहिल्या. पदर खाली सोडलेला, एका खांद्यावरून, नेहमीच्या बायका घेतात तसा. दोन्ही बाजू सारख्या. मी म्हटलं ना, मला गप्प बसता येत नाही, पण तेव्हा बसले. भाभी म्हणाल्या, "वाका." वन्सं वाकल्या. आणि काही सांगायच्या आत भाभींनी त्यांच्या पाठीत एक सणसणीत गुद्दा घातला.

"अगं आई गं!"

"बारशाला ह्येच हुनार हाय. आता बगा आरशात."

काही हललं नव्हतं. वन्सं आरशात बघत राहिल्या, मग मान खाली घालून स्वतःकडे बघितलं.  मग मला म्हणाल्या, "वैनी, चुलत नणंदंला सांगितलं न्हाईसा न्हवं?"

"नाही."

"सांगू नगा."

इथं ही गोष्ट संपली असती तर मला किती बरं झालं असतं. पण डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की तिथली कातडी नाजूक आहे, नवं कापड धुतल्याशिवाय घालू नका. म्हणून औंधला जाऊन वन्संनी पोलकं धुतलं. वाळल्यावर घालून पाहिलं. बारसं दोन दिवसांवर आलं होतं.

फोनवर आवाज अगदी खालच्या पट्टीत. "वैनी, पोलकं बसंना. खण हाय तेवढाच हाय, आन् आतनं समदं आखडलंया. खिसा काकंत गेला."

"असं कसं होईल?"

"भाभीचं काय चुकलं नसंल. माजंच अंग सुजलं आसंल. डागदर म्हनलंवतं, त्या बाजूला सूज यील म्हनून. परत तेच सुरू झालं का काय कुनास ठाऊक." मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. चुलत नणंदंला सांगा."

फोन ठेवून मी ओसरीवर आले. सुभेदार पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली घेतला.

"अस्तर भिजवलं होतं का?"

"भाभींनी पाणी दाखवायला सांगितलं होतं. मी दाखवलं."

"म्हणजे काय केलंस?"

मी शिंपडण्याची कृती करून दाखवली. ते माझ्याकडे बघतच राहिले. सीमेवर शत्रूकडेही त्यांनी असं पाहिलं नसेल.

"अगं, बैलाला पाणी दाखवून आणतो म्हणजे आम्ही काय करतो? लांबनं हौद दाखवतो आणि परत आणतो व्हय? पोटभर पाजतो! कोरं सुती कापड ते. बादलीत बुडवायचं, पिऊ द्यायचं, आटायचं ते आधीच आटू द्यायचं. मग कापायचं."

लग्न होऊन या गावात आल्याला पंचवीस वर्षं झाली. रोज संध्याकाळी "जनावरांना पाणी दाखवलं का?" ऐकते. आणि मला वाटायचं, ही नुसती म्हणायची रीत आहे.

माझा मूर्खपणा काही नवीन नाही, त्याचं एवढं वाटलं नसतं. पण तिकडे औंधला ती बाई आरशासमोर उभी राहून आपल्या अंगाला दोष देत होती. परत तेच सुरू झालं का, असं मनात आणत होती. मी तसाच फोन लावला.

"वन्सं, तुमचं अंग सुजलेलं नाही. अस्तर आटलंय. मी ते भिजवलंच नव्हतं. मी त्याच्यावर चार थेंब शिंपडले आणि इस्त्री केली."

 

"म्हंजे माजं अंग न्हाई?"

"नाही हो. माझं डोकं."

"भाभी पानी दाखवा म्हनल्या, आन् तुमी..."

"दाखवलं. लांबनं."

आणि मग वन्सं हसल्या. वर्षभरात ऐकलं नव्हतं ते हसणं. फोन कानापासून लांब धरावा लागला, सुभेदारांनाही ऐकू गेलं. हसता हसता मध्येच त्यांचा श्वास वेगळाच वाजला, मग परत हसू. दोन्हीचं कारण मला कळलं. शेवटी नाक ओढून म्हणाल्या, "सकाळच्या पयल्या एसटीनं येते कोरेगावात. तुमीबी या. भाभीम्होरं कबूल करायचं तुमचं तुमी."

भाभींसमोर कबूल करायची वेळच आली नाही. त्यांनी पोलकं उलटं केलं, अस्तर दोन बोटांत चोळलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"वैनी, तान्हेलं ठिवलं व्हय ह्याला?"

मी मान खाली घातली.

"चूक माजी. इस्त्रीचं गरम कापड हाताला मऊ लागलं, म्या परत बगितलं न्हाई." असं म्हणून त्यांनी माझी निम्मी चूक आपल्या अंगावर घेतली, इतक्या सहज, की मला आभार मानायलाही फट मिळाली नाही. मग त्या म्हणाल्या, "समदं अस्तर उसवाया लागंल. खणाला धक्का न लावता. उद्या बारसं. म्या नवं कापते, उसवील कोन?"

"मी," मी म्हटलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पण इथं मला स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट लिहायची आहे, आणि ती या लेखात एकच आहे. मला शिवता येत नाही, पण उसवता येतं. जन्मभर स्वतःचं शिवलेलं उसवत आले आहे, त्यामुळे त्यात माझा हात धरणारं कोणी नाही. टाक्याखाली सुई सरकवायची, एक उचलायचा, एक सोडायचा, दोरा ओढायचा, कापडाला कळतसुद्धा नाही.

आधी मात्र भाभींनी नवं अस्तर माझ्यादेखत बादलीत बुडवलं. वर हात दाबून धरला. कापडातून बुडबुडे निघेपर्यंत धरला. "ह्याला म्हनत्यात पानी दाखवनं," त्या म्हणाल्या. वन्सं परत हसायला लागल्या. त्या दिवशी त्या मधूनमधून हसतच होत्या, कुणी काही बोललं नाही तरी.

कापड भिजत होतं तोवर मी उसवायला बसले, आणि मला टाके सापडेनात. खरंच सांगते. अस्तर खणाला धरून होतं, हलवलं तरी हलत नव्हतं, पण कशानं धरलंय ते दिसत नव्हतं. शेवटी भाभींनी कडेला एक धागा दाखवला. तिळाएवढाले टाके, सगळे एका अंतरावर, दोन कापडांच्या मधल्या अंगानं गेलेले. गाठ कुठेही वर नाही. जिथं व्रण होता तिथं तर शिवणच नव्हती, तिथला जोड त्यांनी वळसा घालून बगलेकडे नेला होता. हे सगळं आत. पोलकं घातल्यावर हे कुणाला दिसणार नव्हतं, घालणारीलाही नाही. मी एकेक टाका उचलत होते आणि मला आपण कुणाचं तरी सुंदर अक्षर खोडतो आहोत असं वाटत होतं.

डावा खिसा निघाला. मग उजवीकडे आले तर तिथंही खिसा. तसाच, तेवढाच. रिकामा.

"भाभी, हा कशाला? ही बाजू तर..."

भाभींनी हातातल्या दुसऱ्या पोलक्याचा दोरा दातानं तोडला. "एकाच बाजूला खिसा आसला, तर ध्यान सारकं तिकडंच जातं. आता दोनी बाजूला सारकंच लागंल. आपलं अंग आपल्याला सारकं वाटाय पायजे का नगं?"

वन्सं त्या वेळी गच्चीवर जायला निघाल्या होत्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या. मागे वळल्या नाहीत. मग वर गेल्या.

ओलं अस्तर गच्चीवर वाळवलं ते दोरीवर टाकून नाही, दोरीनं कापड ताणतं म्हणे. मी एक टोक धरलं, वन्संनी एक, आणि वाऱ्यात उभ्या राहिलो. कापड फुगायचं, खाली बसायचं. "वैनी, सोडू नगा हां," वन्सं म्हणाल्या, "तुमचा भरवसा न्हाई." मी दोन्ही हातांनी धरलं होतं. दुपारपर्यंत भाभींनी कापलं, ऊन कलेपर्यंत शिवलं. मला काहीच काम दिलं नाही. मीही मागितलं नाही.

बारशाच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटी जाऊ पाळण्याच्या दोरीला हात लावून उभी होती आणि दर मिनिटाला दाराकडे बघत होती. वन्सं आल्या त्या वेशीवर कळल्या. हिरवा खण, इरकल, पदर एका खांद्यावर. भाभीही आल्या, बाळाची मोहरीची उशी घेऊन. ती पाळण्यात ठेवली, वर बाळ ठेवलं. एक मोहरी पाळण्यात होती आणि एक पाळण्यावर वाकणार होती, हे त्या भरल्या घरातल्या बायकांत आम्हा तिघींनाच ठाऊक.

वन्सं वाकल्या. पूर्ण वाकल्या, पाळण्यात तोंड घालून. पाठीमागे बायकांची रीघ, सगळ्यांच्या मुठी तयार. कुर्रर्र झालं आणि गुद्दे सुरू झाले. मी कोपऱ्यातून बायकांच्या नजरा बघत होते. कुणी भिंतीकडे बघत नव्हतं. एकजण तर म्हणाली, "पोलकं काय बसलंय गं! कुनी शिवलं?" वन्सं तशाच वाकून पाळण्यातूनच म्हणाल्या, "भाभीनं. पानी तेवढं आमच्या वैनीनं दाखवलं." हे कुणाला कळलं नाही. सुभेदारांना कळलं, ते हसू दाबत उठून अंगणात गेले.

नाव काय ठेवलं ते मी इथं लिहीत नाही. अकरा वर्षं सांभाळलेलं ते नाव त्यांनी आधी चिंध्यांना सांगितलं, मग बाळाला, तिसऱ्या कुणाला मी कशाला सांगू?

माझी पाळी आली. मी मूठ वळली, हात उचलला, आणि तो खाली येईना. डोळ्यासमोर ते तिळाएवढाले टाके येत होते, तो वळसा, ती दोन्ही बाजूंना सारखी ठेवलेली जागा. मी मूठ पाठीवर नुसती टेकवली, हळूच.

पाळण्यातून आवाज आला, "हे काय वैनी? इथंबी शिंपडताय व्हय?"

मग मी घातला. असा घातला की बाळ दचकलं.